लोकेशन कुठलं?

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधले तीन वीकेंड रिलीजने खाल्ले, चौथा पावसाने. (पावसाने खाल्लेला वीकेंड मी तक्रार न करता देतो, तो भाग वेगळा.) आजचं लिखाण जरा भांडकुदळ होणार आहे, आधीच सांगून ठेवतो. ज्यांनी नुकतीच लेहची तिकिटं काढलीत त्यांनी रागावू नये. किंवा रागवा, पण शेवटपर्यंत वाचून रागवा.

तर झालं असं. आमच्या टीममध्ये एक जण आहे. नाव कशाला, आपण त्याला लडाखवाला म्हणू. फुल फ्रेम कॅमेरा, तीन भारी लेन्स, कार्बन फायबरचा ट्रायपॉड, आणि हे सगळं वर्षातले अकरा महिने कपाटात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर झोपलेलं. उरलेल्या महिन्यात ते बाहेर येतं. लडाख, स्पिती, एकदा तर आइसलँड. परवा टपरीवर चहा पिताना मी त्याला फोनवर एक फोटो दाखवला. ढग खाली उतरलेले, त्यातून डोंगरांच्या चार-पाच ओळी एकामागे एक, मागची प्रत्येक ओळ पुढचीपेक्षा जरा फिकट, आणि उजव्या कोपऱ्यात एक पिवळी क्रेन. त्याने बघितला, दोन बोटांनी मोठा करून बघितला, आणि नेहमीचा प्रश्न टाकला.

"लोकेशन कुठलं?"

म्हटलं, "आपल्या पार्किंगची वरची गच्ची."

साहेबांचा इंटरेस्ट तिथेच संपला. फोन परत देत म्हणाला, "मग क्रेन तरी पुसून टाक ना. आणि तसं इथे आहे काय काढण्यासारखं?"

चहा संपला, मीटिंग होती, वर गेलो. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. इथे आहे काय काढण्यासारखं! हे तो एकटा म्हणत नाही. पुण्या-मुंबईत कॅमेरा बाळगणाऱ्या दहांपैकी नऊ जण हेच म्हणतात, आणि दहा वर्षांपूर्वी मीही हेच म्हणत होतो. माझं म्हणणं असं आहे की हे वाक्य नुसतं चूक नाही, महागात पडणारं आहे. मला पडलंय. ते पुढे सांगतो.

आधी आपण सगळे कॉम्प्युटरवाले म्हणून एक ओळखीचं उदाहरण. विंडोज एक्सपीचा तो हिरवा डोंगर आठवतोय? निळं आभाळ, पांढरे ढग, खाली हिरवीगार टेकडी. २००१ साली एक्सपी आलं आणि आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये ओळीने सगळ्या मशीनवर तो एकच डोंगर. प्रॅक्टिकलला कंटाळा आला की आम्ही तो कुठला यावर पैजा लावायचो. कोणी म्हणे आयर्लंड, कोणी न्यूझीलंड, आणि एक शहाणा (तो आता मॅनेजर आहे) म्हणायचा की असं काही जगात नसतंच, फोटोशॉप आहे सगळं.

तो फोटो चार्ल्स ओ'रियर नावाच्या फोटोग्राफरने जानेवारी १९९६ मध्ये काढला. कॅलिफोर्नियात, सोनोमा काउंटीत, हायवेच्या कडेला. गडी फोटो काढायला निघालाच नव्हता, मैत्रिणीला भेटायला चालला होता. नुकताच पाऊस पडून गेलेला, गवत हिरवं झालेलं. गाडी थांबवली, फिल्मच्या कॅमेऱ्यावर फोटो काढला, पुढे गेला. जगात सगळ्यात जास्त डोळ्यांनी पाहिलेलं निसर्गदृश्य बहुधा हेच असेल, आणि ते रोजच्यासारख्या एका रस्त्यावरून जाता जाता मिळालं.

गंमत याच्या पुढे आहे. ती टेकडी म्हणजे काही अस्पर्श निसर्ग वगैरे नव्हता. तिथे द्राक्षांचा मळा होता. फायलॉक्सेरा नावाची कीड वेलींना लागली, वेली उपटून टाकाव्या लागल्या आणि मोकळ्या जमिनीवर गवत आलं. नंतर तिथे परत द्राक्षं लावली. म्हणजे आपण सगळे इतकी वर्षं ज्याला शुद्ध निसर्ग समजून बघत होतो, ते कोणातरी शेतकऱ्याचं बुडालेलं पीक होतं! ओ'रियर आठ-दहा वर्षं अलीकडे किंवा पलीकडे गेला असता तर त्याला तारा आणि खांब दिसले असते आणि आपल्या लडाखवाल्याने गाडी थांबवलीच नसती.

आता 'स्पॉट' या प्रकाराबद्दल. २००९ साली 'थ्री इडियट्स' आला आणि पँगाँगच्या काठाचं काय झालं ते तिथे गेलेल्या प्रत्येकाने पाहिलंय. पिवळ्या स्कूटर, सिनेमातल्यासारखी बसायची ती स्टुलं, आणि भाड्याने स्कूटरवर बसून फोटो. मीही गेलोय, दोनदा. माझ्या हॉलच्या भिंतीवर पँगाँग आहे, त्यामुळे मी कोणी संत नाही. पण खरं सांगायचं तर तो फोटो माझा नाही. तो कुठे उभं राहून, किती वाजता, कुठली लेन्स लावून काढायचा हे मी निघायच्या आधीच नेटवर बघून ठेवलं होतं. आपल्या भाषेत सांगायचं तर रिझल्ट कॅशमध्ये होता, मी फक्त पंधरा तास खर्च करून तो उचलून आणला.

जवळचं उदाहरण हवं तर कास. पश्चिम घाटातल्या ज्या ३९ जागा २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या त्यात कास आहे. जांभ्या दगडाचा सडा, त्यावर बोटभर माती, आणि त्या बोटभर मातीच्या जिवावर ती सगळी फुलं. त्या मातीवर आडवं पडून, कोपर रोवून, शेजारची दहा रोपं चिरडत अकराव्या फुलाचा फोटो काढणारे 'निसर्गप्रेमी' मी डोळ्यांनी बघितलेत. गर्दीचं नियंत्रण, तिकीट, रांगा, हे सगळं का करावं लागलं? आपल्यासारख्या शहरी, कॅमेरेवाल्या लोकांमुळेच ना. आणि त्याच सप्टेंबरात शहराबाहेरच्या कुठल्याही घाटरस्त्याच्या कडेला, डोंगर कापून केलेल्या उतारावर तेरडा गुलाबी होऊन फुललेला असतो, आणि त्याच्याकडे बघायला गाड्या थांबत नाहीत. कारण त्याला लोकेशन नाही.

आता माझी गोष्ट.

आमचं कोथरूडचं घर बाबांनी १९९१ साली घेतलं. तिसरा मजला, दक्षिणेकडे गॅलरी. गॅलरीतून सिंहगड दिसायचा. हवाई अंतर पंधरा-सोळा किलोमीटर, म्हणजे काही भव्य वगैरे नाही, करंगळीच्या पेराएवढा. पण स्वच्छ दिवशी वरचा टीव्हीचा टॉवर ओळखू यायचा आणि रात्री टॉवरचा लाल दिवा. बाबा ऑफिसातून आले की चहाचा कप घेऊन गॅलरीत उभे राहायचे आणि हवामान खात्याचं काम करायचे. "आज गड जवळ दिसतोय, पाऊस येणार." "आज गड गायब आहे, उद्या सर्दी होणार सगळ्यांना." ही वाक्यं मी किती वेळा ऐकली असतील याचा हिशोब नाही.

२००६ मध्ये मी पहिल्या पगारातून डीएसएलआर घेतला. त्यानंतर मी सिंहगडावर किती वेळा गेलो असेन! कल्याण दरवाजा, तानाजी कडा, ढगात बुडालेला देवटाका, पिठलं-भाकरीच्या ताटासकट. गॅलरीतून मात्र कधी काढावासा वाटला नाही. कारण गॅलरीतून गडाच्या आधी काय काय दिसायचं? समोरच्या दुमजली इमारतीवरच्या काळ्या सिंटेक्सच्या टाक्या, डिशच्या थाळ्या, केबलच्या तारा, वाळत घातलेल्या चादरी. हे सगळं टाळून फ्रेमच बसेना. एकदा प्रयत्न केला आणि सोडून दिला. म्हटलं, इथे आहे काय काढण्यासारखं.

२०१७ मध्ये समोरची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली. आधी पत्रे आले, मग हिरवी जाळी, मग बारा मजले. बाबा कप घेऊन जाळीकडे बघत उभे राहायचे. सवय. २०१९ मध्ये ते गेले.

दोनेक वर्षांनी आई सहज म्हणाली, "अरे, तुझ्याकडे गॅलरीतून काढलेला गडाचा फोटो असेल ना? एक मोठा करून दे. ह्यांच्या फोटोशेजारी लावते."

मी म्हटलं, हो हो, असेलच की. माझ्या डिस्कवर तेव्हा अडतीस हजारांच्या वर फोटो होते. शोधायला मी स्वतः लिहिलेली स्क्रिप्ट आहे, तारीख, लेन्स, फोकल लेंथ कशावरूनही शोधते. (ती मी एकदा इथे दाखवली होती, ज्यांनी वाचली ते तीन लोक मला प्रिय आहेत.) दोन रात्री शोधलं. गॅलरीतून काढलेले, ज्यात सिंहगड फ्रेममध्ये आहे असे एकूण तीन फोटो निघाले. पहिल्यात भाचीच्या वाढदिवसाचा केक आहे आणि गड मागे धूसर. दुसऱ्यात गडाच्या जागी आत्याचं डोकं. तिसरा २००८ सालचा, नवीन पन्नास एमएमची लेन्स तपासायला काढलेला. तारेवर बसलेला कावळा एकदम शार्प, आणि मागे टाक्यांच्या वर एक निळसर डाग. तो डाग म्हणजे सिंहगड. बोके किती छान येतो हे बघायला मी तो मुद्दाम घालवला होता.

मग मी जरा जास्तच हुशारी केली. समोरच्या नवीन इमारतीच्या सेक्रेटरींना भेटलो, परवानगी काढली, बाराव्या मजल्याच्या वरची गच्ची गाठली. ऑक्टोबरची संध्याकाळ, पाऊस नुकताच संपलेला, हवा धुतलेली. दोनशे एमएम. गड असा लख्ख आला की टॉवरच्या जाळीतले त्रिकोण मोजावेत. प्रिंट करून, फ्रेम करून आईला दिला. तिने चष्मा लावून बराच वेळ बघितला. म्हणाली, "छान आलाय. पण हा आपला नाही. टाक्या कुठे आहेत?"

शेवटी तिने कावळ्याचा फोटो लावला. अजून तोच आहे.

महागात पडलं म्हणतो ते हे. लडाखला पुढच्या वर्षीही जाता येईल, पँगाँग काही रिडेव्हलपमेंटला जात नाही. जे रोज दिसतं तेच आधी जातं, आणि ते जाताना आपल्याकडे त्याचा एक धड फोटो नसतो, कारण मध्ये टाक्या येत होत्या.

टाक्यांवरून होकुसाई आठवतो. जपानी चित्रकार, १८३०च्या सुमाराला त्याने फुजी पर्वताच्या छत्तीस दृश्यांची चित्रमालिका सुरू केली. (नावात छत्तीस, प्रत्यक्षात शेचाळीस. डिमांड आली म्हणून स्कोप वाढला, आपल्याकडेही होतं.) त्यातली लाट सगळ्यांना माहिती आहे, मगवर वगैरे असते. पण मालिका सलग बघा. एका चित्रात लाकडाचं एक अजस्र पिंप आडवं पडलंय, दोन्ही बाजूंनी उघडं, आत वाकून एक कारागीर ते तासतोय, आणि त्या पिंपाच्या गोलातून लांबवर एवढासा फुजी. दुसऱ्या एकात लाकडाच्या वखारीत मोठ्या तुळया कापणारे लोक आणि फुजी मागे. म्हणजे ज्या डोंगराला अख्खा देश पवित्र मानतो तो हा माणूस पिंपातून दाखवतो. त्याने पिंप बाजूला करून फुजी काढला असता तर तो कुठल्याही गावचा फुजी झाला असता. आमच्या आईने होकुसाईचं नाव ऐकलेलं नाही, पण मुद्दा तिने बरोबर पकडला.

कोणी म्हणेल, ती चित्रं झाली, फोटोचं सांग. तर फोटोचं ऐका. लँडस्केपवाल्यांचा देव अँसल अ‍ॅडम्स. त्याचा सगळ्यात गाजलेला फोटो कुठल्या शिखराचा नाही. न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ नावाच्या छोट्या खेड्याचा आहे: साधी घरं, चर्च, दफनभूमीतले पांढरे क्रूस आणि वर नुकता आलेला चंद्र. दिवसभर हिंडून मनासारखं काही मिळालं नव्हतं, परत निघाला होता, रस्त्यावरून हे दिसलं, धावपळ करत गाडीच्या टपावर कॅमेरा लावला. लाइट मीटर सापडेना, तेव्हा चंद्राची चमक किती असते तो आकडा आठवून एक्सपोजर ठरवलं. दुसरी प्लेट तयार करेपर्यंत क्रुसांवरचा उजेड गेलेला. त्याची तारीखही त्याला धड आठवत नव्हती. पुढे खगोलवाल्यांनी चंद्राच्या जागेवरून गणित करून ती काढली, १ नोव्हेंबर १९४१. (डिबगिंग म्हणतात ते हे.)

आणि १९७५ साली अमेरिकेत रोचेस्टरला 'न्यू टोपोग्राफिक्स' नावाचं प्रदर्शन भरलं. त्यात रॉबर्ट अ‍ॅडम्स, लुईस बाल्ट्झ, स्टीफन शोअर, जर्मनीचं बेखर जोडपं वगैरे मंडळी होती. भिंतीवर काय, तर कोलोरॅडोतल्या एकसारख्या घरांच्या वसाहती, पार्किंग लॉट, गोदामांच्या भिंती, कोळशाच्या खाणींवरची बांधकामं. मागे डोंगर असला तर आहे, नसला तर नाही. बघायला आलेल्या बऱ्याच लोकांना कळेना की यात फोटो काढण्यासारखं काय आहे. ओळखीचं वाटतंय ना वाक्य? आज त्या प्रदर्शनाशिवाय फोटोग्राफीचा इतिहास शिकवता येत नाही. आपल्या हिंजवडीला, वाकडला, खराडीला बघायला हीच नजर पाहिजे, आणि आपण अजून वॉलपेपर शोधतोय.

हिंजवडीचं नाव निघालंच आहे तर गेल्या जुलैची गोष्ट. फेज थ्रीच्या पलीकडे, माणच्या बाजूला, ट्रॅफिकमध्ये बस अडकली होती. पुढे काय झालंय ते कळत नव्हतं, नेहमीप्रमाणे. खिडकीतून एकीकडे काचेची इमारत, दुसरीकडे लेबर कॅम्पचे पत्रे, आणि या दोघांच्या मधोमध चार भातखाचरं. नुकती लावणी झालेली. पाण्यात काचेची इमारत उलटी पडलेली आणि तिच्यातून हिरवी रोपं वर आलेली. उतरलो. (चालतच लवकर पोचणार होतो.) बांधावर उकिडवा बसून फोनचा कॅमेरा पाण्याच्या जवळ नेला, की त्या उलट्या इमारतीचे मजले आणि रोपांच्या ओळी एकमेकांत बसायला लागल्या. दहा-बारा फोटो काढले असतील, तोवर मागून आवाज आला.

"काय सायेब, प्लॉट बघाया आलाय व्हय?"

साठीचे एक काका, डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद. म्हटलं, "नाही काका, फोटो काढतोय."

"त्येच की. फोटो काढूनच पाठीवत्यात. मग कुनी पार्टी येती."

मी परोपरीने सांगितलं की मी एजंट नाही, मला नुसतं हे बघायला छान वाटलं. त्यांना ते पटेना. शेवटी म्हणाले, "ह्यात काय बघन्यासारखं हाय?" आणि हसले. म्हणजे लडाखवाला आणि हे काका, दोघांचा प्रश्न एकच! फरक एवढाच की काकांना तो विचारायचा हक्क आहे, ते त्यात रोज गुडघाभर उभे असतात. पण मला खरी टोचली ती पहिली ओळ. या पट्ट्यात साध्या जमिनीकडे निरखून बघणारा, तिचे चारी बाजूंनी फोटो काढणारा माणूस कोण असतो? प्लॉटचा एजंट. आम्ही हजारो लोक रोज त्याच रस्त्याने जातो, आमच्यातल्या अनेकांच्या बॅगेत लाखाचा कॅमेरा असतो, आणि त्या जमिनीकडे बघायचं काम आम्ही एजंटावर सोडून दिलंय.

तर आता 'पण' वाल्यांकडे वळू.

पहिला पण: "पण इथे उजेड चांगला नसतो." काहीच्या काही. उजेड काय लडाखला वेगळ्या सूर्याचा असतो? इथला समजून घ्यावा लागतो एवढंच. मेच्या मध्यावर पुण्यात दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, सावली पायाखाली गडप. त्या दिवसांत सकाळी आठनंतर कॅमेरा उघडून उपयोग नाही, झोपा. डिसेंबरात तोच सूर्य भर दुपारीही साधारण ४८ अंशांच्या वर चढत नाही, म्हणजे दिवसभर तिरका उजेड. जुन्या भिंती, नांगरलेलं रान, खाणीचे कडे, सगळं उठून दिसतं, आणि लंच ब्रेकमध्येसुद्धा फोटो काढता येतो. पावसाळ्यात सर थांबल्यानंतरचा अर्धा तास सोडू नका, हवेतली धूळ बसलेली असते आणि एरवी न दिसणारे डोंगर गच्चीवरून दिसतात. ओल्या रस्त्याची, ओल्या पानांची चमक मारायला पोलरायझर लावा, रंग बाहेर येतात.

दुसरा: "पण मध्ये फार पसारा येतो." येतो. म्हणून वाइड अँगल घरी ठेवा. वाइड लेन्स मोकळ्या जागेसाठी, आपल्याकडे मोकळी जागा नाही. लांबची लेन्स लावा, ऐंशी ते दोनशे, किंवा फोनचं तिप्पट-पाचपट झूम. मग ती पसाऱ्यातून निवडते आणि मागचा डोंगर पुढच्या टाकीच्या शेजारी आणून बसवते. वेताळ टेकडीवरची जुनी दगडखाण पावसाळ्यात अशी बघा. काळ्या खडकाचे थर, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे तो, खाली साठलेलं पाणी, आणि कडेच्या वरून डोकावणाऱ्या इमारती. या शहरातल्या किती इमारतींच्या पायात आणि खडीत हाच दगड असेल. दोन्ही एका फ्रेममध्ये येतात. यासाठी विमानाचं तिकीट लागत नाही, पीएमटीचं पुरतं. (हो, पीएमपीएमएल. आमच्या तोंडात पीएमटीच.)

तिसरा पण मात्र मला खरंच अडवतो. आमच्याकडच्या एका मैत्रिणीने तो विचारला होता. मी तिला मुळा नदीचा फोटो दाखवला होता: अख्खं पात्र जलपर्णीने हिरवंगार, मध्ये फिकट जांभळी फुलं, एक पांढरा बगळा, सकाळचं धुकं. ती म्हणाली, "सुंदर आहे. पण हे गटार आहे. गटार सुंदर दाखवून तू काय करतोयस?"

तिचं बरोबर होतं. जलपर्णी ही मुळात दक्षिण अमेरिकेतली वनस्पती, आपल्या नद्यांत ती फोफावते कारण सांडपाण्यातून तिला भरपूर खाऊ मिळतो. तो गालिचा हे नदी आजारी असल्याचं लक्षण आहे. आणि माझ्या फोटोत डाव्या बाजूला सांडपाण्याचा पाइप होता, तो मी क्रॉपमध्ये उडवला होता! म्हणजे लडाखवाल्याची क्रेन मी ठेवली आणि माझा पाइप कापला. इथे मात्र माझ्याकडे पळवाट नव्हती. मूळ फाइल उघडली, पाइपासकट फोटो परत केला. तो कमी सुंदर झाला का? फुलं तीच, बगळा तोच, धुकं तेच. फक्त आता बघणारा थोडा जास्त वेळ थांबतो, कारण त्याला कळत नाही की वाहवा करावी की नाक दाबावं. मला वाटतं त्याला तसंच ठेवावं.

तेव्हापासून एक नियम केलाय. जागेवर उभं राहून फ्रेम काय ठरवायची ती ठरवा, पण नंतर पुसायचं काही नाही. आजकाल फोनमध्ये बोट फिरवलं की तार गायब, खांब गायब, माणूस गायब. पोरं कौतुकाने दाखवतात. मी तो पर्याय वापरत नाही. २००८ च्या त्या फोटोत हे बटण असतं तर मी नक्की टाक्या पुसल्या असत्या, आणि मग आईने काय लावलं असतं?

असो. फार झालं. सगळ्यांनी लडाख सोडा असं मी म्हणत नाहीये. जाऊन या, गारठा, मॅगी खा. पण जाण्याआधी एक रविवार स्वतःच्या गॅलरीत कॅमेरा लावा, जे दिसतंय ते तारांसकट काढा, आणि तारीख टाकून ठेवा. समोर नुसती भिंत असेल तर भिंत काढा.

मी त्या भातखाचराचा फोटो काकांसाठी प्रिंट करून घेतला होता, आठ बाय बारा. द्यायचं राहून गेलं, रिलीज, मग दिवाळी, मग परत रिलीज. गेल्या आठवड्यात बस तिथून गेली तेव्हा बांधाच्या दोन कोपऱ्यांवर रंग दिलेले मोजणीचे दगड दिसले. ते आधी होते की नाही हे मी जुलैच्या सगळ्या फोटोंत शोधलं. एकातही तो कोपरा आलेला नाही. उद्या रविवार आहे, सकाळी प्रिंट घेऊन जातो. जून अर्धा सरलाय, रोपं टाकलेली असली तर बरं.